मूठ

रविवारी आमचा क्ष-किरण विभाग बंद असतो.
त्या दिवशी साइमी वुओरेला एका बाईला
करड्या ब्लँकेटात गुंडाळून
इस्पितळाच्या मागच्या दाराने घेऊन आली.
राउमाच्या संग्रहालयातलं तैलचित्र:
कुण्या जहाजमालकाची बायको, सन अठराशे एकाहत्तर.
चित्रकाराने सही केलेली नाही.

मी तिला टेबलावर उताणी निजवली.
कालच तिथे एक मासेमार होता, तीन बरगड्या मोडलेला.
टेबल पुसलं, अंतर मोजलं, किलोव्होल्ट उतरवले
(कापडाला माणसापेक्षा कमी लागतं),
शिशाच्या भिंतीमागे गेले
आणि तीस वर्षांच्या सवयीने बोलून गेले,
श्वास घ्या. रोखून धरा.
साइमी खुदकन हसली.

आधी आले खिळे.
चौकटीचे एकवीस, त्यातला एक वाकडा,
दिवस मावळताना ठोकला असावा.
मग लेस.
आमच्या गावच्या बायका लाकडी रिळांवर विणतात ती,
माझी आत्या विणायची, डोळे जाईपर्यंत.
शिसं किरणांना अडवतं,
आणि त्या काळचा पांढरा रंग म्हणजे शिसंच.
गळ्याभोवतीची लेस पेटल्यासारखी उजळली,
टाका न् टाका मोजून घ्यावा.
चेहरा मात्र धुक्यात,
काळा रेशमी झगा तर नव्हताच.
मी म्हटलं, बघ,
नवऱ्याच्या पैशाचं सगळं आरपार झालं,
तिच्या हातचं तेवढं उरलं.
साइमी म्हणाली, असलं अहवालात लिहीत नाहीत.

वर, रंगात, तिचा उजवा हात
बायबलवर सैल पसरलेला आहे.
किरणांना आधी आणि नंतर कळत नाही,
वरचं-खालचं ते एकत्रच आणून ठेवतात,
भांडलेल्या भावंडांना एका अंथरुणात निजवावं तसं.
म्हणून त्या पसरलेल्या बोटांच्या आत
आम्हाला मूठ दिसली.
आवळलेली.
पेरं पांढरीफटक,
शिशाने की जोराने, कुणास ठाऊक.

आठवडाभर मी तिच्या मुठीत
काय काय ठेवून पाहिलं.
चिठ्ठी. परक्या कोटाचं बटण.
बुडालेल्या जहाजाची तार आलेली,
तिचा चुरगळलेला कागद.
साइमीने चर्चची वही काढली:
नवरा दर ऑक्टोबरात परत आला,
जाडजूड झाला,
एकोणनव्वद साली स्वतःच्या पलंगावर वारला.
सात मुलं, सहा जगली.
बस्स.

संचालकांचा फोन आला:
तुमच्या यंत्राला मुठीतलं दिसत नाही का?
काय सांगू त्यांना.
पोराने गिळलेलं नाणं मी दाखवलंय,
म्हाताऱ्याच्या खांद्यातली युद्धातली गोळी दाखवलीय,
जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.
पण या मुठीला आत नाहीच, साहेब.
त्याने ती बाहेरूनच रंगवली.
बोटांखाली कापड आहे,
कापडाखाली माझं टेबल.

कदाचित त्यानेही विचारलं असेल,
जरा हात सैल सोडा, बाईसाहेब.
नसेल सोडला तिने.
मग त्याने एक हात मनानेच काढला,
भल्या बाईला शोभेलसा,
आणि खाली धर्मग्रंथ सरकवला.
हे मी म्हणते. अहवालात एवढंच आहे:
'हाताची स्थिती बदललेली. कारण अज्ञात.'

त्या रविवारी चार वाजताच अंधारलं होतं.
आम्ही तिला परत ब्लँकेटात गुंडाळलं,
मागच्या सीटवर आडवी ठेवून पट्टा लावला.
साइमीची गाडी पुलापलीकडे गेली,
मी आत येऊन दिवे मालवले,
आणि तेव्हा लक्षात आलं,
सोडा म्हणायचं राहूनच गेलं.